सरांनी जिंकलेला खटला

धाकटी : चोर आहे ती संस्था, दादा! कडक इस्त्रीतली चोर. लवादाच्या खुर्च्या वाटते, मानपान वाटते, आणि कुणी जाब विचारला की नाक वर करून सांगते, 'सन्माननीय व्यक्तींवर शंका नको.'

दादा : हळू बोल गं. दार उघडं आहे. आता सगळे चहाला इथेच येतील.

धाकटी : येऊ देत. माझा आक्षेप काय होता? सरकारने कारखान्यांना नदीत रंगाचं पाणी सोडायला बंदी घातली, म्हणून परदेशी कंपनी सरकारकडेच भरपाई मागतेय. निवाडा करणार तीन लवाद. त्यातले एक, कंपनीने नेमलेले, आपले सर. आणि तेच सर तिकडे दुसऱ्या खटल्यात दुसऱ्या कंपनीचे वकील. मुद्दा तोच, बंदी घालाल तर पैसे मोजा. सरकारची सल्लागार म्हणून मी लिहिलं, हे चालणार नाही. तर माझ्या आक्षेपाचा निकाल लावला कुणी? सरांच्या डाव्या-उजव्या हाताला बसणाऱ्या दोघांनी! आणि संस्थेने मान डोलावली.

दादा : नियमच तसा आहे. लवादावरच्या आक्षेपाचा निकाल उरलेले दोघेच लावतात.

धाकटी : आणि उद्या त्या दोघांपैकी एकावर आक्षेप आला की निकाल लावायला सर आहेतच. नियम कसला, साटंलोटं आहे ते.

दादा : माझ्यावर काय खेकसतेस? मी सरांच्या ऑफिसातला पगारी वकील. आणि आज सकाळी जे झालं त्यानंतर चिडतेस कसली? तुझ्या जागी मी नाचत असतो.

धाकटी : नाचतेच आहे. माझं नाचणं असंच दिसतं.

दादा : अजून खरं वाटत नाही बघ. दरवर्षी या परिषदेत प्राध्यापक आणि वकिलांचा तो लुटुपुटीचा खटला असतो, चिठ्ठ्या उचलायच्या आणि येईल ती बाजू मांडायची. दरवर्षी सरांच्या नशिबी कंपनीच. यंदा उघडली चिठ्ठी, तर सरकार! आणि समोर कंपनीची वकील म्हणून तू. मुद्दाम केलंस ना?

धाकटी : चिठ्ठी त्यांनीच उचलली. मी फक्त माझ्या कंपनीची बाजू मन लावून मांडली. 'आमचा लवाद दुसरीकडे वकिली करतो, बिघडलं काय? सन्माननीय व्यक्ती आहे.' संस्थेने मला दिलेलं उत्तर, काना-मात्रा न बदलता.

दादा : तिथेच तुझा डाव कळला मला. मागच्या रांगेत बसून देवाचा धावा करत होतो, सर, हा मुद्दा सोडा, दुसरं काहीही बोला.

धाकटी : ते सोडतात होय! नातवाशी सापशिडी खेळतानासुद्धा हरत नाहीत, तूच सांगितलं होतंस.

दादा : कोटाचं बटण लावून उठले आणि काय बरसले! 'जो मुद्दा मी तिथे विकतो, तोच मुद्दा मी इथे तोलायला बसलो, तर त्या तराजूवर शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नाही.' सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी.

धाकटी : पहिल्या रांगेत संस्थेचे सचिव. तेही टाळ्या वाजवत होते. मग मध्येच हात थबकले.

सर : थबकलेले मीही पाहिले. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

दादा : सर! या, या ना. चहा?

सर : चहा नको. काय गं पोरी, मी शिकवलेलं माझ्यावरच?

धाकटी : सर, मी तर आज हरले. जिंकलात तुम्ही. हार्दिक अभिनंदन.

सर : तोंड चालतंय अजून. अगं, तो खेळ होता. वकील अशिलासाठी बोलतो, त्याचं स्वतःचं मत असतंच असं नाही. पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळतं.

धाकटी : मान्य. मग आमच्या नदीच्या खटल्यात तुम्ही कुठल्या अशिलासाठी बसलायत?

सर : जीभ आवर.

धाकटी : नाही आवरत. त्या नदीकाठी लोक राहतात, सर. उद्या तुम्ही निकाल द्याल, कदाचित बरोबरही द्याल. पण त्यावर विश्वास कुणाचा बसेल? आमचा? कंपनीचा? तुमचा तरी?

सर : मी उठलो तर कंपनी दुसऱ्याला नेमेल. माझ्याहून बेरकी.

धाकटी : नेमू दे. फक्त दोन्हीकडे पाय नसलेला नेमू दे. मग हरलो तरी मी तोंडातून अवाक्षर काढणार नाही.

सर : आणि तू रे? आपल्या ऑफिसची अब्रू वेशीला टांगली जातेय आणि तू भिंतीला पाल चिकटावी तसा उभा. बोल की काहीतरी.

दादा : बोलू, सर? खरंच बोलू?

सर : विचारतोयस काय!

दादा : त्या दुसऱ्या खटल्यात आपल्या कंपनीचा युक्तिवाद मी लिहिलाय. तोच मुद्दा नदीच्या खटल्यात तुम्ही तोलणार. आज तराजूबद्दल जे बोललात ना, ते मला खोडता येत नाही. मगापासून प्रयत्न करतोय. तुम्ही मलाही हरवलंत. चुकलं असेल तर माफ करा.

सर : माफी कसली मागतोस! इतक्या वर्षांत या ऑफिसात पहिल्यांदा कुणीतरी खरं बोललं. चला, समारोपाची घंटा झाली. पोरी, माझ्या मागोमाग ये. आणि हसू नकोस.

धाकटी : हसत नाहीये, सर.

सर : डोळ्यांनी हसतेयस.

(भरलेलं सभागृह. व्यासपीठावर माइकसमोर सर. पुढे माइक श्रोत्यांत धाकटीकडे जातो.)

सर : ...तर मित्रहो, आज सकाळी मी एक खटला जिंकलो. जिंकलेला खटला मी कधी परत करत नाही. म्हणून नदीच्या खटल्यातली लवादाची खुर्ची मी आत्ता, तुमच्यासमोर सोडतोय. नाही, टाळ्या नकोत. अरे, बसा सगळे! बसा. त्या मागच्या मुलीला बोलू द्या. आज ती हरलीय, तिचा हक्क आहे.

धाकटी : धन्यवाद, सर. आज माझ्याइतकं आनंदाने कुणी हरलं नसेल. पण माझा प्रश्न सरांना नाही, पहिल्या रांगेत बसलेल्या सचिवांना आहे. सचिव साहेब, सर स्वतःहून उठले. तुमच्या लवादांच्या यादीत असे दोन्हीकडे बसणारे आणखी किती आहेत, आणि त्यांना तुम्ही कधी उठवणार? विचार करून सांगा. आम्ही बसलोय.