बालझानच्या पायाची दोरी

…आणि वर घरचे मलाच म्हणतात, तूच केलंस, आता तूच निस्तर! मी केलं? अहो, मी काय वाईट केलं, तुम्हीच सांगा! जिची पोर दीड वर्षाची होत आली तरी पाऊल टाकत नाही, त्या आईनं करायचं तरी काय? गल्लीतली सगळी पोरं कोंबड्यांच्या मागे धावतात, मेंढीची शेपटी ओढून पळतात… आणि आमची बालझान? बसलेली! एकदाच उभी राहिली होती टेबलाला धरून, धपकन पडली, ओठ फुटला, आणि तेव्हापासून जी बैठक मारली ती मारलीच. खेळणं दाखवा, साखरेचा खडा दाखवा, न्यायाधीशासारखी बसल्या बसल्या हात पुढे करते, "आण इकडे!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाय ठणठणीत आहेत, भीती बसलीय मनात. भीती बसलीय, पोर बसलीय, आणि मी मेली रात्रंदिवस तिच्याभोवती उभी!

सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, डॉक्टर पुरे झाले. पायाची दोरी कापून टाकू." आता ते तर आपण करतोच, काळीपांढरी दोरी पोराच्या पायांना बांधायची आणि चांगल्या माणसाच्या हातून कापायची, म्हणजे कापणाऱ्याची चाल पोरात उतरते. पण कुणाच्या हातून? इथेच पेटलं ना! सासूबाईंचं माणूस ठरलेलं, कुल्याश मावशी. बाजारातून अशी चालते की बटाटेवाले गाड्या बाजूला घेतात. मी सासूबाईंना म्हटलं, "आपा, कुल्याश मावशी जन्मात कधी पडली नाही. जी पडलीच नाही ती माझ्या पोरीला उठायला काय शिकवणार? मला आयकुमिस पाहिजे."

नवऱ्याच्या हातातला चहा हातातच राहिला. "कोण? ती गाणारी?"

"तीच."

"अगं बाई!" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "जी दरवर्षी शेवटचा कार्यक्रम करते ती? गेल्या साली रडून रडून निरोप घेतला, यंदा परत पोस्टरांतून ताराझ शहरभर भिंतींवर चिकटलीय! उद्या पोर तशी निघाली म्हणजे?"

हसा, तुम्हीपण हसा! पण तुम्हाला सांगते, आयकुमिस कुणाला कळलीच नाही. आधी तीन मुलींच्या गाण्याच्या टोळीत होती, चंदेरी विजारी घालून नाचायच्या. आमच्या घरी कॅसेट होती, वाजवून वाजवून फीत इतकी ताणली की त्यातली बाई पुरुषासारखी गायला लागली. मग एकीचं लग्न झालं, दुसरी रुसली, टोळी मोडली. आयकुमिस एकटी राहिली. लग्नांत गायची हो, लोक मटणाच्या ताटात मान घालून बसलेले, आणि ही कोपऱ्यात गातेय! कुणी बघायचंसुद्धा नाही. मग एका वर्षी नवरोजच्या सणाला चौकात कार्यक्रम झाला, फळ्या ओल्या होत्या, उंच टाचेचा बूट मोडला आणि बाई सगळ्या गावासमोर आडवी! मी तिथेच होते, एवढीशी, बापाच्या खांद्यावर. लोक फिदीफिदी हसले. आणि तिने काय केलं? सूर सोडला नाही! पडल्या पडल्या कडवं पुरं केलं, उठली, दुसरा बूट काढून गर्दीत भिरकावला, आणि अनवाणी गायली. तो बूट आमच्या शाळेतल्या एकीच्या कपाळावर बसला, ती आठवडाभर टेंगूळ मिरवत हिंडली! त्या दिवसापासून आयकुमिस जी वर गेली ती गेलीच. आता सांगा, कुल्याश मावशी कुठे आणि ही कुठे?

तर गेलो आम्ही कार्यक्रमाला. कडेवर पोर, पिशवीत दोरी आणि कात्री. दारात पहारेकरी, भिंतीएवढा.

"ताई, कात्री कशाला? पडदा कापायचाय?"

"अहो दादा, पोरीच्या पायाची दोरी…"

"आत धारदार काही न्यायचं नाही." घेतली काढून! नवरा म्हणतो, "चल, घरी जाऊ, कुल्याश मावशी मोकळीच आहे." मी काही जाते?

आत ही गर्दी! बायका पिशव्यांतून तळलेले बाऊरसाक काढून खातायत, म्हाताऱ्या पहिल्या गाण्यालाच डोळे पुसतायत, आणि आयकुमिस आली… बाई गं! छातीत ढोल वाजायला लागले. सगळा हॉल उभा राहिला, नाचायला लागला. आणि पोरगी? बसलेली! माझ्या हातांवर, न्यायाधीश.

तेवढ्यात बघते तर लोक फुलांचे गुच्छ घेऊन रांगेनं मंचाकडे निघाले. मी घुसले रांगेत. फुलं कुठली माझ्याकडे? मी पोर पुढे केली. आता आयकुमिसला सवय हो, एका हातात माईक, डोळे मिटून लांबलचक सूर लावलेला, दुसऱ्या हातानं पुढे येईल ते घ्यायचं आणि मागच्या नाचणाऱ्या मुलीकडे द्यायचं. तिने घेतली बालझान काखेत! दिली मागे! आणि त्या मुलीनं नाचता नाचता ठेवली पियानोवर, गुच्छांच्या ढिगात!

मी धावले वर. "अहो, ती फुलं नाहीत, माझी पोर आहे! पियानोवर ठेवू नका तिला!" माईक तिच्या हातात, माझं तोंड त्याच्यापाशी, सगळ्या हॉलभर घुमलं! गाणं थांबलं. आयकुमिसनं वळून बघितलं. गुलाबात पोरगी, बसलेली! मी नुसती दोरी वर धरली, काळीपांढरी.

बस्स, सगळ्या हॉलला कळलं! "दोरी कापायचीय! पोरीची दोरी!" कात्री कुणाकडे आहे? कुणाकडेच नाही! मग तो भिंतीएवढा पहारेकरी खुर्च्यांवरून उड्या मारत आला, लालबुंद, हातात माझी कात्री. आयकुमिसनं आपली चंदेरी शाल जमिनीवर अंथरली, पोरीला तिच्यावर उभं केलं, दोन्ही पायांना दोरी बांधली. कचकन कापली! हात सोडला…

आणि पोरगी? बसली!

सगळा हॉल, "आय्य्य!" माझा जीव गेलाच हो. सासूबाई म्हणतील काय, गल्ली म्हणेल काय, आणि हिला जन्मभर उचलून कुठे कुठे नेऊ? तेवढ्यात आयकुमिसनं बूट काढले आणि स्वतः धपकन खाली बसली, पोरीच्या समोर. "पडलीस? मीपण पडले बघ! चल गं, उठू या." आणि गात गात उठली. पोरगी टकामका बघत राहिली. मग दोन्ही हात जमिनीला टेकले, बूड वर केलं… आणि उभी! एक पाऊल, दोन पावलं, पडली, कुणी हात लावायच्या आत परत उठली, आणि चालली थेट माईककडे! टाळ्या म्हणजे काय टाळ्या! पहारेकरी रडतोय, नवरा रडतोय, मी तर कशी दिसत होते विचारू नका. माझी पोर, सगळ्या ताराझसमोर उभी!

आणि आता? आता काय सांगू! पोरगी चालते, धावते, कोंबड्या तिला बघून झाडावर चढतात. पण संध्याकाळी झोपायला नेली की आधी घरभर मुके फेकते, हात हलवून निरोप घेते. मी पांघरूण घालते, दिवा मालवते… आणि ही दार उघडून परत बाहेर! खोलीच्या मधोमध उभी राहते, आणि टाळ्या वाजवल्याशिवाय हलत नाही. वाजवल्या की मुके, निरोप, आत… परत बाहेर! सासूबाई म्हणतात, "बोलले होते ना मी? कुल्याशनं कापली असती तर आत्ता घोरत असती!" म्हणतात, पण सगळ्यात जोरात टाळ्या त्यांच्याच!

मी आपलं एवढंच मागितलं होतं, की पोर उभी राहू दे. झोपू दे म्हणायचं राहूनच गेलं हो! थांबा… ऐकू आल्या ना टाळ्या? चला, उठते मी. मघाशीच निजवून आले होते तिला…

आणि पोरगी? उभी!