अकरा पाचचा रिपोर्ट

आजच्या या घरगुती सोहळ्याचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळाचे प्रमुख आदरणीय हैबतराव शिर्के साहेब, व्यासपीठावरच्या डॉ. रोहिणी गांगल मॅडम, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपल्या लॅबचे प्रमुख एझ्राकाका अष्टमकर, त्यांच्या शेजारी बसलेल्या रूथकाकू, आणि समोरचे सगळे डॉक्टर, सिस्टर, मावशी, मामा, आणि ड्युटी सोडून मागच्या दारात उभी असलेली मंडळी, सर्वांना माझा नमस्कार.

मी दिपिका. इथले कॉम्प्युटर मी सांभाळते. मला पाच मिनिटं दिली आहेत आणि बोलायचं कागदावर लिहून आणलंय, पण घाईत लिहिलेलं माझंच अक्षर मला लागत नाही. तेव्हा कागद बाजूला ठेवते. माईकवर श्वास ऐकू येत असेल तर कृपया सांभाळून घ्या.

एझ्राकाकांबद्दल आत्तापर्यंत सगळे छान बोलले. चौतीस वर्षं रोह्याच्या अष्टमी गावातून पेणला रोज एसटीने येणं, गुडघा दुखत असताना लॅबपासून दुसऱ्या मजल्यापर्यंत चढणं, हे सगळं खरंच आहे. मी वरसेला राहते, त्यामुळे रोहा स्टँडवरून आमची सकाळची गाडी एकच. काकांच्या डब्यातलं अर्धं मी खाल्लंय. रूथकाकू, तुम्हाला माहीत होतं ना? म्हणून तर तुम्ही दोन चपात्या जास्त देत होतात.

पण काकांची एक सवय अजून कोणी सांगितली नाही. लॅबमध्ये जाऊन कोणी विचारलं, "काका, अमक्याचं सॅम्पल आलंय का?" तर काका बसल्या जागेवरून कधीच 'नाही' म्हणत नाहीत. उठतात, फ्रिज उघडतात, आत बघतात, आणि मग म्हणतात. पाच मिनिटांपूर्वी बघितलेलं असलं तरी पुन्हा उठतात. मी एकदा एसटीत हसले त्यांना. तर म्हणाले, "मघाशी नव्हतं गो. आता हाय का नाय, ते बघायला नको?"

मी हसले होते. त्याचीच गोष्ट मला आज सांगायची आहे, आणि अध्यक्षमहोदय, ती तुम्हाला आवडणार नाही.

आपले सगळे रिपोर्ट तळमजल्यावरच्या मोठ्या कॉम्प्युटरमध्ये असतात, ज्याला आपण सर्व्हर म्हणतो. वॉर्डातल्या सिस्टरनी पेशंटचं नाव टाकलं की वॉर्डचा कॉम्प्युटर सर्व्हरला विचारतो, या नावाचा कागद आहे का? आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? पण रेकॉर्ड रूमची किल्ली एकच असते, आत एक माणूस गेला की बाकीचे दारात. तसंच तिथे आहे. एखाद्या कप्प्यात नवा कागद ठेवताना सर्व्हर तेवढ्यापुरतं कुलूप घालतो, म्हणजे दोघांची गडबड होऊन कागद हरवू नये. कुलूप चांगलंच आहे. पण सोमवारच्या ओपीडीला चाळीस कॉम्प्युटर एकाच दारात उभे राहायचे आणि प्रत्येक स्क्रीनवर ते चक्र फिरत बसायचं. तुम्ही सगळ्यांनी मला किती शिव्या दिल्या आहेत, आठवतंय?

मग मी गेल्या मार्चमध्ये एक उपाय केला. वॉर्डच्या कॉम्प्युटरना सांगितलं, एकदा विचारलेल्या नावाचं उत्तर अर्धा तास लक्षात ठेवा, सारखे दारात जाऊ नका. जुने रिपोर्ट काढून बघितले. डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडले. याच हॉलमध्ये हैबतराव साहेबांनी मला गुलाबाचं फूल आणि शाल दिली. टाळ्याही वाजल्या.

माझ्या एक गोष्ट ध्यानात आली नाही. कॉम्प्युटर 'आहे' जसं लक्षात ठेवतो, तसं 'नाही' पण लक्षात ठेवतो. जुने रिपोर्ट होतेच, म्हणून ते सापडले. जो रिपोर्ट अजून यायचाय, त्याचं नाव टाकून मी बघितलंच नाही. इतकी साधी गोष्ट होती.

आता मे महिन्याचं सांगते. सगुणामावशी, तुम्ही उठू नका, बसा. मला माहीत आहे तुम्हाला तो दिवस नकोसा आहे, मलाही आहे.

आपल्या सगुणामावशींचे यजमान हिरामणदादा मिठागरावर काम करतात. मेच्या उन्हात दोन दिवस उलट्या, लघवी बंद, अशा अवस्थेत त्यांना इथे आणलं. रक्त लॅबला गेलं. अकरा वाजता मनस्वी सिस्टरनी स्क्रीनवर बघितलं, रिपोर्ट नाही. त्या वेळी तो खरंच आला नव्हता. अकरा पाचला काकांनी तो सर्व्हरवर टाकला. पोटॅशियम इतकं वाढलेलं की ताबडतोब इंजेक्शन हवं, नाहीतर हृदय बंद पडेल. काकांनी वॉर्डला फोन केला.

"सिस्टर, रिपोर्ट बघा, तातडीचा हाय."

"काका, स्क्रीनवर नाय आला."

"टाकलाय गो. माझ्यासमोर दिसतोय."

"इथं नाय दिसत. मी परत परत बघतेय ना!"

दोघंही खरं बोलत होती. काकांच्या स्क्रीनवर रिपोर्ट होता. मनस्वी सिस्टरचा कॉम्प्युटर सर्व्हरकडे जातच नव्हता, अकरा वाजताचं 'नाही' तो घोकत होता. फोनवर आकडा सांगायची बंदी होती. ते परिपत्रकही मीच टाइप केलेलं. काकांनी दुसऱ्यांदा फोन केला, तेच उत्तर. मग रिपोर्टचा आकडा हाताने कागदावर लिहिला आणि तो दुखरा गुडघा घेऊन ते दोन मजले चढले. वॉर्डात पोचले तेव्हा अकरा पंचवीस झाले होते. रोहिणी मॅडमनी त्याच क्षणी इंजेक्शन दिलं, पण तोवर दादांचे ठोके बिघडले होते. नवी मुंबईला न्यावं लागलं. दादा वाचले, पण सहा दिवस मावशी तिथल्या जिन्यात बसून होत्या.

चौकशी झाली. वॉर्डच्या स्क्रीनची नोंद सांगत होती, अकराला नाही, अकरा दहाला नाही, अकरा वीसला नाही. म्हणजे लॅबने उशीर केला. समितीने मला विचारलं, सर्व्हर काय वेळ दाखवतो? सर्व्हर अकरा पाच दाखवत होता. चूक कुठे आहे ते मला समितीच्या दिवशी सकाळीच सापडलं होतं, साहेब. आणि मी समितीला म्हणाले, "सर्व्हरचं घड्याळ थोडं मागेपुढे असू शकतं."

हे खोटं होतं. घड्याळ बरोबर होतं. मी घाबरले. माझी नोकरी सहा-सहा महिन्यांच्या कागदावरची, घरी मिळवती मी एकटी. पण कारण सांगितलं म्हणून खोटं काही खरं होत नाही.

काकांना त्याच संध्याकाळी ठपक्याचं पत्र मिळालं. चौतीस वर्षांतलं एकच. दुसऱ्या दिवशी एसटीत मी त्यांना सगळं सांगितलं आणि रडायला लागले. ते खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "मला ठाऊक होतं. काल समितीत तू माझ्याकडं बघत नव्हतीस. आधी ते कॉम्प्युटरचं नीट कर. आजच कर. मग रडायचं तर वडखळचा स्टॉप येईपर्यंत रड."

मी ते त्याच दिवशी नीट केलं. आता कोणताही वॉर्ड 'नाही' लक्षात ठेवत नाही, पुन्हा जाऊन बघतो. मी काकांना म्हटलं, मी साहेबांना सांगते. तर म्हणाले, "माझे आठ महिने उरलेत. तुला काढली तर हे पुन्हा बिघडल्यावर बघणार कोण? साहेबांना नको सांगू. पण एक कर. सगुणेला सांग."

एवढं एकच मागितलं त्यांनी. आणि मी आठ महिन्यांत ते केलं नाही. रोज ठरवायचे, आज सांगू. रोज मावशी समोरून किटली घेऊन जायच्या आणि मी स्क्रीनमध्ये डोकं खुपसायचे. मीच माझ्याशी म्हणायचे, मावशी ऐकणार नाहीत, माफ करणार नाहीत. मी न विचारताच उत्तर ठरवून बसले होते.

बारा वर्षं मावशी रोज अकराला लॅबमध्ये चहा न्यायच्या. लॅबने उशीर केला हे कानावर आल्यावर, मे महिन्यापासून तो चहा बंद आहे. काका घरून थर्मास आणायला लागले. आज कार्यक्रमाच्या सुरुवातीला व्यासपीठावर चार खुर्च्या होत्या आणि चहाचे कप आले तीन. रूथकाकूंनी आपला कप हळूच काकांपुढे सरकवला. तुमच्यापैकी किती जणांनी बघितलं, माहीत नाही. मी बघितलं. तो चौथा कप माझ्यामुळे आला नव्हता.

अध्यक्षमहोदय, या पाकिटात सर्व्हरच्या नोंदीची प्रत आहे आणि माझा सहीचा जबाब आहे. काकांचं ठपक्याचं पत्र त्यांच्या सेवापुस्तकातून आजच काढावं, अशी हात जोडून विनंती. माझ्याबद्दल जे ठरवाल ते ठरवा. हे पाकीट तुमच्यासमोर ठेवते.

काका, तुम्ही मान हलवू नका. तुमचं ऐकूनच आठ महिने गेले. एका बाबतीत तरी मला तुमचं मोडू द्या.

वेळ संपल्याची घंटा मघाशीच वाजली, ऐकली मी. वेळ जास्त घेतला, शब्द धड लावता आले नाहीत, आनंदाच्या प्रसंगी असला विषय काढला, याबद्दल सभेने मोठ्या मनाने सांभाळून घ्यावं. इतकं शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल सगळ्यांचे मनापासून आभार. बाकीची माफी मात्र मी सभेकडे मागत नाही. सगुणामावशी, ती तुमच्याकडे आणि हिरामणदादांकडे मागते. रिपोर्ट अकरा पाचला आला होता. काकांनी एक मिनिटही उशीर केला नव्हता. उशीर माझा होता.

मावशी उठल्या. मावशी, जाऊ नका ना. काका, बघा, त्या निघाल्या, मला वाटलंच होतं, त्या काही…

थांबा. त्या दाराकडे नाही गेल्या. चहाच्या टेबलाशी थांबल्यात. किटली उचलली त्यांनी.

माफ करा, मी पुन्हा न बघताच बोलले. काका, आज तुम्ही उठू नका. त्या येताहेत.