नगरसेवक सापडले

गेल्या रविवारी आम्ही शाळेतले पाच मित्र नवी पेठेमागच्या जुन्या गल्लीत जमलो आणि पन्नाशीच्या सुटलेल्या पोटांसकट चक्क लपाछपी खेळलो. पहिलं राज्य माझ्यावर आलं. तिघांना मी लगेच हुडकलं, कारण दम लागून ते खोकत होते. शिवानंद मात्र काही केल्या सापडेना. तो आता त्या भागाचा नगरसेवक आहे. चौकात त्याच्याच वाढदिवसाचा मोठा फलक लागलाय, त्याच्यामागं तो दडला होता.

तेवढ्यात फलकामागून एका बाईंचा आवाज आला, "तुमी हितं बसलाय व्हय? नळाला पाणी न्हाय म्हणून सहा महिने शोधतीय मी तुमाला."

"मावशी, हळू बोला. आमचा खेळ चाललाय," शिवानंद कुजबुजला.

"ते दिसतंय की," म्हणत मावशींनी त्याच्यासमोरच बैठक मारली.

मी फलकामागं डोकावलो, तर शिवानंदनं आपणहून हात वर केले. "सापडलो बाबा मी. आता राज्य माझ्यावर."

"राज्य तुमच्यावरच हाय," मावशी म्हणाल्या, "पाणी कवा सोडताय तेवढं सांगा."