राणी पडली की स्ट्रायकर समोर

आमी निरवांगीचे, तालुका इंदापूर. बाप हितलाच, आज्जा हितलाच, त्याच्या मागचं मला म्हाईत न्हाय आन ते लिवून तुमाला उपयोग बी न्हाय. शाळा तिसरीपतूर. गुरुजी मारायचे म्हणून सोडली असं मी सांगत आलो, पण मला एका जागी बसवायचंच न्हाय, एवढंच. म्हसरं राखली, मोठा झालो, साखर कारखान्यात हंगामी लागलो. हंगामी म्हंजी ऊस आला की काम आन ऊस सपला की घरी.

लगीन झालं. बायकोचं नाव हिरा. आता नाव घेतो, ती व्हती तवर नुसतं अगं म्हणायचो, तेवढ्यात भागायचं.

कॅरम कुठनं आला ते सांगतो, कारण पुढचं समदं त्याच्यावरच हाय. कारखान्याच्या क्लबात नवा बोर्ड आला आन जुना भंगारात निघाला, तर मी म्हणलं मला द्या. सायकलीच्या मागं उभा बांधला आन निघालो. वारं सुटलेलं, बोर्ड वाऱ्याला आडवा, सायकल रस्त्याच्या ह्या कडंनं त्या कडंला, काय सांगू तुमाला, निम्मा रस्ता चालतच आलो. हिरानं दारात बघितलं आन म्हणली, ह्ये काय, एवढा मोठा पोळपाट कुणाचा आणलाय? म्हणलं खेळाया आणलाय. म्हणली, तुमी खेळा, मला धुणं हाय. आन धुणं झाल्यावर येऊन बसली.

शिकली कशी ते मला कळलं न्हाय. बोट माझ्यापरीस हलकं. बोर्डाची एक कड फुगलेली व्हती, ती तिनं पॉलिश पेपर घासून घासून बसवली. तोंडाला लावायची पावडर आणली की बोर्डाला जास्ती आन तोंडाला कमी. शेजारच्या बाया म्हणायच्या, हिराबाई, नवरा काय म्हणंल? ती म्हणायची, नवराच समोर बसतोय, काय म्हणायचं त्यानं.

आता तुमी कॅरम खेळला असाल तर म्हाईत असंल, मधली लाल सोंगटी ती राणी. राणी घेतली की लगेच त्याच हातानं आपली एक सोंगटी घालावी लागती, त्याला कव्हर म्हणत्यात. कव्हर चुकली की राणी परत मधी. तर एक दिवस मी राणी घेतली, कव्हर घातली, आन पुढं मारतच सुटलो. ती म्हणली, समदं तुमीच मारणार तर मी हितं कशाला बसलीय? पीठ मळायचं ऱ्हायलंय माझं. म्हणलं, मंग काय करू? म्हणली, राणी पडली की स्ट्रायकर इकडं सरकवायचा, कव्हर मी मारीन. म्हणलं, अगं सोंगटी माझी, डाव माझा, तू कशाला मारशील? म्हणली, मारीन की. आन मारली.

तवापासनं आमच्यात तोच कायदा. मी राणी घेतली की कव्हर तिची, तिनं घेतली की माझी. म्हंजी बघा, समोरचा आपल्या इरुद्ध खेळतोय आन आपली राणी त्याच्या हातात. चुकवायला काय लागतंय? बोट जरा वाकडं केलं की झालं. तिनं कवा चुकवलं न्हाय. एरवी लई भांडायची, मिठावरनं, लेकीच्या सोयरिकीवरनं, माझ्या बिडीवरनं. पण त्यात न्हाय.

लेक पळसदेवला दिली. जावई धरणात जाळं टाकतो, बरा हाय. घर मोकळं झालं, मी कामावरनं उतरलो, मंग आमी दोघं आन बोर्ड. अशी लई वर्सं गेली. मंग तिच्या पायाला सूज आली, डॉक्टर म्हणले किडनी, बारामतीला नेली, आणली, परत नेली. गेली. लोक म्हणले सुटली. सुटली कसली, गेली.

बोर्ड तसाच वट्यावर, वर तिचं लुगडं पांघरलेलं. मी काढलं न्हाय.

आता टीमचं. आमच्या गावात चार म्हाताऱ्यांची टीम हाय. मास्तर, ते रिटायर शिक्षक, कॅप्टन. तांबोळी, त्याचं पानाचं दुकान. दत्तोबा, यष्टीचा डायव्हर व्हता. आन मी. बारामती-इंदापूरच्या गावागावांतल्या टीमची स्पर्धा असती, लीग म्हणत्यात, आमी दरसाल पयल्याच टप्प्यात घरी. औंदा कसं काय, आमी वर आलो. हिरा आजारी व्हायच्या आदीच्या मॅचा मी खेळलो, नंतरच्या ह्यांनी तिघांनीच रेटल्या. मंग सेमी लागली बावडा गावाच्या टीमबरुबर.

आमी सराव करायचो तालमीत, तितला बोर्ड गेलेला, एका भोकाची जाळी फाटलेली, मधी खड्डा. तेरावं झाल्यावर मास्तर घरी आले, चहा प्याले आन हळूच म्हणले, आबा, तुमचा बोर्ड सरावाला तालमीत नेला तर? म्हणलं, न्हाय. म्हणले, पडूनच हाय. म्हणलं, पडू द्या. ते चप्पल घालून गेले. पण जाऊन जातील कुठं, गाव लहान. येता जाता त्यो सवाल त्यांच्या तोंडावर दिसायचा. पुढं कळलं, सेमी जिंकणाऱ्याला नवा बोर्ड हाय, मोठा, जाड फ्रेमचा. मी मास्तरांला म्हणलं, येतो मी. त्यांना वाटलं म्हातारा दुःखातनं भाईर आला. मी खेळाया चाललो नव्हतो. नवा बोर्ड तालमीत आला की हिराच्या बोर्डाकडं कुणी बघणार न्हाय, एवढंच माझं.

बारामतीला एका हॉलमधी मॅच. पंखे, पांढऱ्या लायटी, बोर्ड असा गुळगुळीत की स्ट्रायकर ठेवला तरी सरकतोय वाटायचं. बावड्याचा एक कापडवाला आन त्याचा मेव्हणा, दोघं बी इस्त्रीच्या कपड्यात. कापडवाला म्हणला, काय निरवांगी, चष्मे आणल्यात का? दत्तोबा म्हणला, तुज्यासाठी आणलाय, तुज्या नाकाखालनं सोंगट्या जाताना दिसल्या पायजेत. मेव्हणा म्हणला, डायव्हरसाहेब, ब्रेक लागतो का अजून? दत्तोबा म्हणला, ब्रेक कवाच लावला न्हाय म्हणून तर टायमात पोचायचो.

एकेरीत मास्तर जिंकले. तांबोळी हरला, पंख्याचं वारं लागलं म्हणला, जसं काय वारं एकट्यालाच लागतंय. मंग ऱ्हायली दुहेरी, मी आन दत्तोबा. त्यावर समदं.

पंच एक तरणी बाई, नेमकं बोलणारी. म्हणली, आजोबा, पार्टनरशी बोलायचं नाही, खूण करायची नाही, खुर्चीवरून उठायचं नाही. दत्तोबा माझ्या समोर बसला. दुहेरीत पार्टनर समोरच बसतो, तसा कायदाच हाय.

खेळ काय सांगू, बराबरीचा चालला. शेवटच्या डावात आमची एकच सोंगटी ऱ्हायली आन राणी, त्यांच्या तीन. सोंगटी दत्तोबाकडच्या भोकाच्या तोंडाशी, फुंकर मारली तरी पडंल अशी. राणी कडंला चिकटलेली, अवघड. मी मारली. गेली. मागं मास्तरांनी मांडीवर हात मारल्याचा आवाज आला. आता कव्हर घातली की मॅच आमची.

आन मी स्ट्रायकर उचलला, समोर सरकवला, आन हात मांडीवर घेऊन बसलो.

इचार बिचार काय न्हाय. राणी पडली, हात आपसूक गेला. हात एवढी वर्सं तेच करत आला ना.

दत्तोबानं माझ्याकडं बघितलं, स्ट्रायकरकडं बघितलं. बोलायची तर बंदी. त्यानं स्ट्रायकर लावला आन मारला. सोंगटी अशी गेली, कडंला शिवली सुद्धा न्हाय. दत्तोबा खुर्चीत उडाला, जिंकलो म्हणला.

बाई म्हणली, नाही. आजोबांची चाल होती, तुम्ही मारलीत. फाउल. राणी बाहेर, सोंगटी बाहेर, दंडाची एक बाहेर, आणि चाल आता बावड्याची. चिडून न्हाय म्हणली, तिचं बराबर व्हतं. कापडवाल्यानं मेव्हण्याकडं बघितलं. हसले न्हाईत, तेवढं त्यांचं चांगलं. राणी घेतली, कव्हर घातली, उरलेल्या बी घातल्या. झालं.

येताना जीपमधनं आलो. भिगवण चौक गेला, बारामतीचं दिवं मागं ऱ्हायलं, तवा दत्तोबाचा बांध फुटला. म्हणला, आबा, डोकं ठिकाणावर हाय का तुजं? स्ट्रायकर काय परसाद हाय का वाटायला? तांबोळी म्हणला, त्यानं दिला तर तू कशाला मारलास रं? दत्तोबा म्हणला, मला वाटलं ह्याचा हात कापतोय. आन स्ट्रायकर पुढं आल्यावर मी न मारता बसंन व्हय!

मी म्हणलं, घरी आमच्यात तसं व्हतं. राणी पडली की स्ट्रायकर समोर, कव्हर ती मारायची.

गाव जवळ आल्यावर दत्तोबा म्हणला, मी मारली ती गेली व्हती पण. म्हणलं, गेली व्हती.

नवा बोर्ड बावड्याला गेला. मी घरी वाट बघत बसलो, आज येतील, उद्या येतील, बोर्ड मागतील. कुणी आलं न्हाय. मास्तर रस्त्यानं जायचे ते मान खाली घालून. ते मला मागण्यापरीस वाईट लागलं. मंग एक दिवस मीच लुगडं काढलं, घडी केली, पेटीत ठिवलं, बोर्ड पुसला आन मास्तरांला हाक मारली. म्हणलं, बोर्ड हालणार न्हाय. खेळायचं तर माझ्या वट्यावर या.

आता रोज येत्यात. चहा तांबोळी आणतो, मला जमत न्हाय, लई पातळ व्हतो. ह्या बोर्डावर कायदा हितलाच, राणी पडली की स्ट्रायकर समोर. मास्तर म्हणतात, आबा, ह्यानं पुढल्या साली परत फाउल व्हायचा. व्हऊ द्या. लीगचा कायदा लीगमधी.

लेक म्हणती, पळसदेवला चला, एकटं कशाला ऱ्हाता. जात न्हाय. तितं धरणाचं पाणी बघत बसायचं, अजून काय.

तिच्या जागंवर दत्तोबा बसतो. पयल्यांदा बसला तवा मी म्हणलं, जरा सरकून बस. आता म्हणत न्हाय. कवा कवा त्याची कव्हर चुकती, मंग त्योच स्वतःला शिव्या देतो आन राणी मधी ठिवतो. मी म्हणतो, असू दे दत्तोबा, मार परत.