आत्याबाईचा रिपोर्ट

नॉर्मल म्हणजे काय हो डॉक्टर? नाही, मला सांगा ना — नॉर्मल म्हणजे काय? तुमचा कागद म्हणतो थायरॉईड नॉर्मल, आणि माझी घोडी ही अशी भिंतीला कपाळ टेकून उभी — हे नॉर्मल? ही आत्याबाई आहे डॉक्टर! घोड्यावर बसायला शिकायला येतात ना पोरं, त्यांनी ठेवलंय नाव, आणि उगाच नाही ठेवलेलं — कुणी पोक काढून बसलं की ही जागची हलायची नाही, कुणी उशिरा आलं की बाहीला धरून ओढणार. सगळा तबेला धाकात असायचा हिच्या. आणि आता बघा, कोंड्याची बादली पुढ्यात ठेवली तरी उपकार केल्यासारखा नुसता वास घेते आणि तोंड फिरवते.

रिपोर्ट चुकत नाही म्हणता? वा. माझाही पहिला रिपोर्ट नॉर्मलच आला होता. हो, माझा — थायरॉईडचाच. दोन वर्षं मी भर उन्हात स्वेटर घालून फिरत होते, खोगीर उचलायला गेले की हात गळून जायचे, आणि सासूबाई म्हणायच्या, सूनबाईंना आता काम नको झालंय. आमचे हे तर — ह्यांनी तर सरळ सांगितलं, मनावर घे, उठशील. मनावर घे! तबेला झाडायच्या निमित्ताने मी इथे यायचे आणि हिच्या अंगाला टेकून उभी राहायचे. ही हलायची नाही. पाय बदलायचा असला तरी मी सावरेपर्यंत थांबायची. सगळ्या घरादारात मला ऊठ न म्हणणारी ही एकटीच — माझा जीव आहे हो हिच्यात. मग त्या दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी परत रक्त काढायला लावलं, आणि निघालं की नाही? निघालं! तेव्हा कुणी म्हटलं का, चुकलं आमचं? सोडा.

तर सांगायचं काय, मला ओळखू येतं. तीच खाली गेलेली मान, तीच निस्तेज कातडी — कानाला हात लावून बघा. गार आहेत ना? ऊन एवढं वर आलंय आणि कान गार. अंग गरम आहे, हो, ते मलाही कळतं, सकाळी उन्हात बांधली होती म्हणून असेल. थर्मामीटरचं काय घेऊन बसलात, तो जुना आहे आमचा.

आणि हे मी मनाचं सांगत नाही. तुमचीच ती पावडर — हिच्या छातीत कफ झाला तेव्हा दिलेली, अँटिबायोटिकची — औषधाच्या दुकानातले काका म्हणाले, ही सल्फाची दिसते, आमच्या कुत्र्याला दिली तर त्याचा थायरॉईडच झोपला. आता कुत्र्याचा झोपतो तर घोडीचा का नाही झोपणार? खोकला तर थांबला होता — खरंच थांबला होता हो, कुणालाही विचारा. मग उगाच कशाला ते विष पोटात ढकलायचं? म्हणून मी पावडर बंद केली आणि कोंड्यात माझी गोळी —

काय झालं? असे बघू नका ना. हो, बंद केली. तुम्ही रक्त घेऊन गेलात त्याच्या आधीच. सांगणारच होते, पण तुम्ही घाईत होतात. आणि गोळी म्हणजे काय, माझीच, रोजची, उपाशीपोटी घ्यायची — मी घेतली नाही, हिला दिली. मला काय होतंय? जिना चढताना जरा जड वाटतं, तेवढंच. एवढ्या थोरल्या जनावराला ती गोळी म्हणजे काहीच नाही, कळतं मला. पण काहीतरी द्यायला नको? नुसतं बघत बसायचं?

ऐका, पुड्या आहेत सगळ्या. चाऱ्याच्या खोलीत, वरच्या फळीवर. एकही टाकलेली नाही. आत्ता सुरू करते — पाण्यात कालवून गालात सोडते, माझ्या हातून गिळेल ती. दुप्पट देऊ का? बरं, बरं, आधी तपासा. मी गप्प बसते.

छातीवर त्याच जागी किती वेळ ऐकताय? खाली काहीच ऐकू येत नाही — मग बरंच आहे की! घरघर नाही म्हणजे… नाही? श्वासच पोचत नाही तिथे. पाणी भरलंय. दोन्हीकडे. अच्छा. म्हणजे खोकला गेला नव्हता.

नळी घालून काढतात ना पाणी? काढतात, पण? पण काय? हिरड्या — हो, दाखवा. अगं बाई. जांभळ्या झाल्यात हो. म्हणजे आता पाणी काढूनही ती वाचायची नाही. मी कान बघत होते डॉक्टर. रोज सकाळी येऊन नुसते कान बघत होते.

एक विचारू? मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका. त्या पावडरीने हिचा थायरॉईड झोपला होता का? थोडासा तरी? …घोड्यांमध्ये तुम्ही नाही पाहिलं तसं. म्हणजे ती मलूल होती ती छातीमुळेच. आणि पावडर — पावडरच काय ती तिला सावरून धरत होती. बरं. कळलं. नाही, पाणी नको मला. माझ्याकडे कुणी नीट बघितलं नव्हतं ना, म्हणून मी ठरवलं होतं, हिच्याकडे तरी मी नीट बघेन. आणि बघितलं ते माझंच दुखणं.

ह्यांना फोन नका करू. येतील आणि म्हणतील, म्हातारीच झाली होती की. ते मला आत्ता ऐकवणार नाही. अंगणात नको, तिला चालवणार नाही, इथेच करा. मान मी धरते. तुम्ही गाडीत जाऊन ते शेवटचं इंजेक्शन भरून आणा — माझ्यासमोर भरू नका. आणि दार लोटून घ्या जाताना.

जा ना आता.