फाटकावरची पाटी

वहिनी: म्हणजे तुझं नाव जाहीर झालं आणि तू मागच्या दाराने पळालीस?

बाई: पळाले नाही हो वहिनी. चालत आले. जरा भरभर.

वहिनी: घाम बघ किती आलाय. बस आधी. आणि ती पर्स काखेतून काढ, इथे कोणी हिसकावत नाही. मतं कशी पडली?

बाई: चार विरुद्ध तीन. शिक्षण मंडळाच्या अध्यक्षा आधी त्या बाहेरगावच्या उमेदवाराकडे बघून हसल्या, तेव्हा वाटलं, सुटले. मग माझं नाव घेतलं.

वहिनी: तोच ना, पडद्यावर चित्रं दाखवणारा?

बाई: तोच. बोलला चांगलं. फक्त मुलांचा विषय आला की 'लाभार्थी' म्हणायचा. शेवटी मागून एक आजोबा उठले आणि म्हणाले, आमचा लाभार्थी चौथीत आहे, त्याला भागाकार येत नाही, त्याचं काय ते सांगा.

वहिनी: आठ महिने शोध चालला होता. जाहिराती काय, मुलाखती काय. आणि ह्यांच्या जागी शिक्षणप्रमुख सापडली कुठे, तर आमच्या मागच्या गल्लीत. मला विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी पत्ता दिला असता.

बाई: अजून मी हो म्हटलेलं नाही.

वहिनी: का गं? शहरातल्या सगळ्या सरकारी शाळा तुझ्या हातात येणार, आणि तू बसलीयस अंगठे धरायला लावल्यासारखी.

बाई: साहेब पहिल्या रांगेत बसले होते. अध्यक्षांनी मला विचारलं, पदावर आल्यावर पहिलं काम कोणतं कराल? मी म्हटलं, शाळांच्या फाटकावरच्या क्रमांकाच्या पाट्या उतरवीन.

वहिनी: अगंबाई.

बाई: सगळा हॉल टाळ्या वाजवत होता आणि साहेब नुसते समोर बघत होते. कुठली शाळा कितवी आली ते दरवर्षी फाटकावर लावायचं, ही कल्पना त्यांची. त्यावरून किती जणांशी भांडले ते. आणि मी त्यांच्या निवृत्तीच्या तोंडावर, त्यांच्यादेखत... मला नोकरीत घेतलं त्यांनी वहिनी. मुख्याध्यापिका केलं त्यांनी.

वहिनी: म्हणून तडक इकडे आलीस.

बाई: त्यांच्याशी बोलल्याशिवाय अध्यक्षांना होकार कसा देऊ? पाट्या तर मी काढणारच. पण त्यांना न सांगता, त्यांची पाठ वळल्यावर, असं नाही काढायच्या मला.

वहिनी: ते गेटपाशी कोणाशी तरी बोलत असतील, येतीलच. तोवर आणखी काय काय काढणार आहेस, ते तरी कळू दे.

बाई: पहिली-दुसरीची लेखी परीक्षा. त्याऐवजी रोज मोठ्याने वाचन. मग वर्षाच्या मध्येच शिक्षकांची बदली करायची नाही, पोरं बाईंना ओळखायला लागतात आणि बाई गायब. आणि प्रत्येक शाळेत गाण्याचा तास परत.

वहिनी: गाण्याचा?

बाई: हो.

वहिनी: थांब, चहात साखर जास्त घालते. अगं, अख्खी नोकरी मी गाणं शिकवण्यात घालवली आणि तो तास बंद कोणी केला, तर माझ्याच नवऱ्याने. वर घरी येऊन मलाच कारणं समजावून सांगत होते. महिनाभर मी स्वयंपाक करताना गुणगुणलेसुद्धा नाही. म्हटलं, ह्यांनाही कळू दे कसं वाटतं ते.

बाई: कळलं?

वहिनी: म्हणाले, तब्येत बरी नाही का.

(दार उघडतं. साहेब आत येतात.)

साहेब: अध्यक्षा तळमजल्यापासून गच्चीपर्यंत शोधतायत. फोटोग्राफर कंटाळून घरी गेला. आणि नव्या शिक्षणप्रमुख आमच्या स्वयंपाकघरात.

बाई: साहेब, मी...

साहेब: उठू नका. चपला काढून होऊ द्या माझ्या.

वहिनी: चेहरा असा का केलाय?

साहेब: चेहरा आहे तोच आहे. मुद्द्यावर येऊ. बाई, तुमचं पहिलं काम मी ऐकलं. आता माझं ऐका. पाट्या लागायच्या आधी नदीपलीकडच्या शाळांचं काय चाललंय, हे मंडळात कोणाच्या गावीही नव्हतं. छपरं गळत होती. तीन वर्गांत मिळून एक शिक्षक. मी अहवाल द्यायचो, ते कपाटात जायचे. पाट्या लावल्या आणि आईबाप मंडळाच्या दारात येऊन बसले. तेव्हा कुठे शिक्षक मिळाले.

बाई: मला माहीत आहे. आमच्या शाळेला दोन शिक्षिका त्यामुळेच मिळाल्या. छप्परही.

साहेब: मग हे हॉलमध्ये का नाही सांगितलंत?

बाई: सांगितलं. टाळ्यांमध्ये तुम्हाला ऐकू आलं नसेल.

वहिनी: नसेलच. रागावले की ह्यांना कमी ऐकू येतं.

साहेब: मी रागावलेलो नाही. मला फक्त कळत नाही. उपयोग झाला असंही म्हणता, आणि काढायच्या असंही म्हणता.

बाई: साहेब, आमची शाळा चार वर्षं शेवटची येतेय.

साहेब: येणारच. तुमच्याकडच्या निम्म्या मुलांच्या घरी एक पुस्तक नाही. ते मीच अहवालात लिहिलंय. तुम्हाला कोणी दोष दिलेला नाही.

बाई: माझं नाहीच म्हणत मी. गेल्या वर्षी मुलांना चित्रकलेच्या स्पर्धेला घेऊन गेलो होतो. तिथे दुसऱ्या एका शाळेच्या बाईंनी आमच्या पहिलीतल्या मुलीला सहज विचारलं, तुझी शाळा कोणती गं? ती म्हणाली, शेवटची.

साहेब: शाळेचं नाव नाही सांगितलं?

बाई: तिला वाटतं तेच नाव आहे. येणारेजाणारे पाटी वाचतात आणि तेच म्हणतात ना. कोपऱ्यावरचा दुकानदार, बसचा कंडक्टर, सगळेच. आमच्या थांब्यावर तो ओरडतो, 'चला, शेवटची शाळा'. नवीन माणूस बिचारा बसूनच राहतो, त्याला वाटतं पुढे अजून शाळा असतील.

वहिनी: आणि ती मुलगी?

बाई: तोंड पाडून नाही सांगितलं हो तिने. छान हसून सांगितलं. हातात रंगाची पेटी होती, खुशीत होती.

साहेब: हे तुम्ही आज हॉलमध्ये सांगायला हवं होतं. सातही मतं तुम्हाला पडली असती.

बाई: तुम्ही पहिल्या रांगेत बसला होतात.

वहिनी: अहो, चहा घ्या. निवतोय.

साहेब: हं.

वहिनी: घ्या म्हटलं.

साहेब: साखर फार झालीय.

वहिनी: गाण्याचा तास परत येतोय, त्याचा चहा आहे तो. गोडच असणार.

साहेब: गाण्याचा तासही? बाई, माझं म्हणून काही शिल्लक ठेवणार आहात की नाही?

बाई: पुस्तकांची फिरती गाडी ठेवणार. दुपारचं जेवण ठेवणार. आणि तुमचे आकडेसुद्धा ठेवणार, सगळेच्या सगळे. पण मंडळाच्या टेबलावर. प्रत्येक बैठकीत आधी सगळ्यात मागे पडलेल्या शाळेचं बोलायचं, मग बाकीचं. फाटकावर मात्र नुसतं शाळेचं नाव.

साहेब: टेबलावर ठेवलेलं कोणी वाचत नाही. माझा अनुभव आहे.

बाई: नाही वाचलं तर मी वाचून दाखवीन. मोठ्याने. पहिलीला शिकवते मी साहेब, ज्यांचं लक्ष खिडकीबाहेर असतं त्यांनाही ऐकायला लावते.

वहिनी: हसलात. मी बघितलं.

साहेब: मिशीला चहा लागला होता.

वहिनी: बरं.

साहेब: बाई, एक सांगतो. पाट्या तुम्ही नाही काढायच्या.

बाई: साहेब, त्याबाबत मी...

साहेब: पूर्ण ऐका. तुमच्याविरुद्ध मत दिलेले तिघं पहिल्या दिवसापासून टपून बसणार. तुम्ही आल्या आल्या पाट्या उतरवल्यात की ओरडायला लागतील, बघा, केली तोडफोडीला सुरुवात. दोन महिने त्यातच जातील आणि तुमचं वाचन राहील बाजूला. माझा अजून एक आठवडा आहे. ज्याने लावल्या तोच काढतोय म्हटल्यावर भांडणार कोणाशी?

बाई: आणि भांडलेच तर?

साहेब: भांडू देत. पुढच्या शनिवारनंतर मी घरी बसून ऐकेन. ही गात असेल, तिकडे लक्ष जाणार नाही.

वहिनी: इतक्या वर्षांत ह्यांनी ऑफिसात घेतलेल्या निर्णयांतला मला आवडलेला हा पहिला.

साहेब: दुसरा. पहिला, या बाईंना नोकरीत घेतलं तो. तेव्हा तूच म्हणाली होतीस, माणूस बरा निवडलात.

बाई: साहेब, तुमचे आभार कसे मानू?

साहेब: मानूच नका. मुलाखतीत पुष्कळ बोललात. सोमवारी तुमच्या शाळेपासूनच सुरुवात करू. शिडी आहे ना तुमच्याकडे?

बाई: आहे. एक पायरी जरा हलते.

साहेब: चालेल. ती मुलगी आता दुसरीत असेल?

बाई: हो.

साहेब: मग मधल्या सुट्टीत येतो. मुलं मैदानावर असताना. तिलाही दिसायला हवं.

वहिनी: अगं, तुझ्या पर्समध्ये फोन वाजतोय. मघापासून वाजतोय, मला वाटलं शेजारी आहे.

बाई: अध्यक्षांचाच असणार.

साहेब: घ्या. बिचाऱ्या गच्चीवर उभ्या असतील.

बाई: हॅलो... हो, मीच. माफ करा, तिथून तशी निघून आले... नाही, ठीक आहे मी. साहेबांच्या घरी आहे... हो. हो म्हणजे, होकारच आहे माझा... आभार तुमचेच... सोमवारी का? सोमवारी नको, मंगळवारी येते. सोमवारी मधल्या सुट्टीत आमच्या शाळेत एक छोटं काम आहे... छे, मला काही करायचं नाहीये त्यात. मी फक्त खाली शिडी धरून उभी राहणार आहे.