बेचाळिसावा मुद्दा

मी मूळचा कल्याणचा. कल्याण पूर्वेला चाळीत दहा बाय बाराची आमची खोली, त्यात सहा माणसं, म्हणजे माणशी वीस चौरस फूट, हा हिशोब मी चौथीत असताना काढलेला आणि मोठ्या कौतुकाने आईला सांगितलेला. आई म्हणाली, मग तुझे वीस फूट तू झाड. वडील, म्हणजे आमचे दादा, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते, दिवसभर सुटे भाग मोजायचे, आणि घरीही तेच, मोजल्याशिवाय बोलू नकोस वसंत. ती सवय मला लागली ती लागलीच. फौजेत गेलो तरी खिशात एक टेप आणि एक वही. पोरं हसायची, तांबे आला, आता बूट मोजणार.

फौजेत पायदळात होतो, चोवीस वर्षं, हवालदार म्हणून निवृत्त झालो. लढाईच्या गोष्टी लोक विचारतात, सोसायटीतसुद्धा विचारतात, पण तुम्ही लिहून घेताय म्हणून सांगतो, माझ्या आयुष्यातली मोठी गोष्ट लढाईची नाही. एका वहीची आहे. आणि त्या वहीत जे लिहिलं नाही त्याची.

वर बर्फातली एक पोस्ट होती, चौदा हजार फुटांवर, तिथे आम्ही नऊ जण. मी तेव्हा नाईक, पोस्टची सगळी जबाबदारी माझी. आता कुठलीच पलटण एका जागी कायम नसते, तिची मुदत संपली की दुसरी येते, आणि जुन्यांनी नव्यांना सगळं समजावून द्यायचं असतं, त्याला आम्ही हँडिंग-टेकिंग म्हणतो. दोन्हीकडची माणसं काही दिवस एकत्र राहतात, एकत्र जेवतात, आणि जुना पोस्टवाला नव्याला सांगतो की बाबा इथे हे असं करायचं, ते तसं नाही करायचं. त्यासाठी पोस्टची एक कॉपी, म्हणजे वही असते. आमच्या आधीच्यांनी कॉपीत चौदा मुद्दे लिहिलेले. मी ते एकेचाळीसवर नेले. फुशारकी नाही, खरंच चांगले होते. बंकरपासून संडासापर्यंत दोर बांधायचा, बत्तीस मीटर, दर चार मीटरला गाठ, म्हणजे वादळात डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं तरी माणूस गाठी मोजत परत येतो. रेडिओची बॅटरी रात्री स्लीपिंग बॅगमध्ये पोटाशी घ्यायची. ओले मोजे आगीवर नाही वाळवायचे, बनियनच्या आत वाळवायचे. आमचे सुभेदारसाहेब कॉपी बघून म्हणाले, तांबे, यह तो किताब बन गई. ब्रिगेडकडून साहेब आले, त्यांनी इतर पोस्टवाल्यांना दाखवली, बघा, माहिती अशी ठेवतात. मला केवढा आनंद झालेला.

आता बुखारीचं सांगतो. बुखारी म्हणजे रॉकेलवर चालणारी लोखंडी शेगडी, तिचं धुराचं नळकांडं छतातून बाहेर काढलेलं असतं. आणि बंकरच्या भिंतीत वर एक झरोका, सहा इंच बाय सहा इंच, हवा खेळायला. त्या झरोक्यातून बर्फाचा भुगा आत यायचा, थेट माझ्या अंथरुणावर. मी एक गोणपाट दुमडलं आणि कोंबलं झरोक्यात. लागेल तेव्हा कोंबायचं, नाहीतर बाजूच्या खिळ्याला टांगायचं. खिळासुद्धा मीच ठोकला. नीट सोय केली.

एका दुपारी वादळ होतं, तिघे ड्यूटी करून आत झोपलेले, बुखारी चालू, झरोका बंद. बाहेर नळकांड्याचं तोंड बर्फाने बुजलं. मी बाहेरून आलो तर एक जण ओकत होता आणि दोघे हलवून उठेनात. बुखारीचा विषारी वायू आत कोंडलेला, त्याला धूर नाही, वास नाही, काही नाही. कसे ओढत बाहेर काढले मला अजून कळत नाही. बर्फात आडवे केले, गालावर मारलं, शिव्या दिल्या. पंधरा-वीस मिनिटांनी त्यातला शिंदे डोळे उघडून म्हणाला, तांबे, सुट्टी मंजूर झाली काय रे? आम्ही रडत हसलो. तिघेही वाचले.

सुभेदारसाहेब खालच्या ठाण्यावर होते, त्यांना रेडिओवर सांगितलं की पोरांना जरा चक्कर आली होती, आता बरे आहेत. एवढंच. झरोक्याचं नाही सांगितलं. कुणी मला गप्प राहा म्हणालं नाही, हे नीट लिहा. मीच ठरवलं. एकेचाळीस मुद्दे लिहिणारा माणूस, ज्याची कॉपी ब्रिगेडमध्ये दाखवतात, त्याने स्वतःच्या हाताने हवा बंद केली हे कसं लिहायचं? त्या दिवसापासून मी झरोका कधी बंद केला नाही, आणि मला वाटलं, संपलं.

मग आमची मुदत संपली, दुसरी पलटण आली. पोस्ट ताब्यात घ्यायला नाईक बलवंत आला. डोंगराकडचा, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, दोन मुलींचा बाप, आणि गुळाचा इतका शौकीन की माझा आठवड्याचा गूळ दोन दिवसांत संपवला आणि वर म्हणतो, महाराष्ट्र का गुड़ कमज़ोर है, तांबे. चार दिवस बरोबर राहिलो. एकेक मुद्दा मी वाचायचा, तो स्वतः करून बघायचा, दोराच्या गाठीसुद्धा त्याने डोळे मिटून मोजल्या. माणूस पक्का होता. शेवटच्या दिवशी तो झरोक्याखाली उभा राहिला आणि म्हणाला, इधर से हवा बहुत आती होगी? मी म्हटलं, हां, आती है. त्याने गोणपाटाकडे पाहिलं, खिळ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, और कुछ, भाईसाहब? मी म्हटलं, नहीं, बस इतना ही.

गोणपाट तिथेच होतं हो. मी ते काढलं नाही. दुमडून, बरोबर त्या मापाचं, खिळ्याला टांगलेलं. कॉपीत नव्हतं, पण भिंतीवर लिहून ठेवल्यासारखं होतं.

तीन महिन्यांनी आम्ही खाली होतो. संध्याकाळच्या रोलकॉलला एक सर्क्युलर वाचलं गेलं, बुखारी वापरताना हवा खेळती ठेवण्याची सर्वांनी दक्षता घ्यावी. बस. कुठे काय झालं, कुणी काय केलं, काही नाही. पोरं पायावर पाय घासत उभी, कधी सुटतो असं झालेलं. मला मात्र खिळ्यावरचं ते गोणपाट दिसलं. चार दिवसांनी रजेवर जाताना ट्रान्झिट कॅम्पात त्या पलटणीचा एक जण चहाला भेटला. त्याला विचारलं. म्हणाला, बलवंत गया. झरोके में बोरी लगी थी.

मी रजेवर आलो, कल्याणला, घरी कुणाशी बोललो नाही. सुनंदाला, म्हणजे बायकोला, वाटलं माझं बाहेर काही आहे. अकराव्या दिवशी तिला सांगितलं. ती म्हणाली, मला सांगून काय उपयोग, मी कुठे बर्फात झोपते. एवढंच बोलली. मी रजा अर्धी टाकून परत गेलो आणि कंपनी कमांडर साहेबांसमोर उभं राहून सगळं सांगितलं. चौकशी झाली, ठपका आला, हवालदारकी दीड वर्ष पुढे गेली. ते बरोबरच होतं. साहेबांना मी एक मागितलं, वर जाणाऱ्या पलटणींना जिथे आधी शिकवतात तिथे मला पाठवा. पाठवलं.

तिथे मी तीन वर्षं उस्ताद होतो. पहिल्याच तासाला मी टेप काढायचो, फळ्यावर सहा बाय सहाचा चौकोन आखायचो आणि सांगायचो, हा मी बंद केला, मी, वसंत तांबेने, आणि लिहून ठेवलं नाही. झोपलेला माणूस जागा व्हायचा. सर्क्युलरला कुणी जागं होत नाही, कारण त्यात कुणी माणूसच नसतो.

एकदा बलवंतच्याच पलटणीचे लोक वर्गात होते, मला ठाऊक नव्हतं. बोलून झालं तर मागून एक जण उठला, म्हणाला, उस्ताद, बलवंत मेरे गांव का था. कॉपी में लिखा क्यों नहीं? पन्नासएक माणसं माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, शरम आई. तो उभाच राहिला. मग खाली बसला आणि वहीत काहीतरी लिहायला लागला. माफ केलं वगैरे काही म्हणाला नाही, आणि मी मागितलीही नाही. पुढच्या हिवाळ्यात त्याचा फोन आला, आवाज तुटत होता, एवढंच कळलं की वरच्या एका जुन्या पोस्टवर खिळ्याला बोरी टांगलेली होती, उस्ताद, जला दी.

आता डोंबिवलीत राहतो. वागळे इस्टेटला एका कंपनीत सुरक्षा सुपरवायझर आहे, शीळफाट्यावर रोज पाऊण तास जातो, तो मोजणं मी सोडून दिलंय. आमच्या बिल्डिंगमध्ये अठ्ठावीस घरं, एकोणीस घरांत बाथरूममध्ये गॅस गिझर. समोरची बिल्डिंग इतकी जवळ की लोकांनी बाथरूमच्या खिडक्या थर्माकोल लावून बंद केलेल्या. मी घरोघरी जाऊन मोजल्या, अकरा बंद. सेक्रेटरी जोशींना सांगितलं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी नोटीस लावली, गॅस गिझर वापरताना सर्व सभासदांनी दक्षता घ्यावी. मी ती वाचून जिन्यातच बसलो. जोशी म्हणाले, काय झालं हवालदार, चुकलं का काही? म्हटलं, नाही हो, हे मी आधी ऐकलंय.

मग सोसायटीच्या सभेत मी उभा राहिलो. सुनंदा आदल्या दिवशी म्हणत होती, अहो, दर वेळी आपलीच अब्रू काढायची म्हणजे काय, आता मुलीच्या सासरचे पण इथेच राहतात. मी म्हटलं, मग तर सांगितलंच पाहिजे. सांगितलं सगळं, गोणपाटासकट. पहिल्या मजल्यावरच्या साठे आजी म्हणाल्या, अरे वसंता, मग समोरच्यांना दिसायचं काय? मी म्हटलं, आजी, जाड पडदा लावा, अर्धी खिडकी उघडी ठेवा. म्हणाल्या, बघतील तर बघू देत, माझ्यात आता बघण्यासारखं काय राहिलंय. सगळे हसले, पण आठवड्यात नऊ थर्माकोल खाली आले. दोन राहिलेत. जातो मी, दर रविवारी बेल वाजवतो. एक दिवस उघडतील.

ती कॉपी माझ्याकडे नाही, फौजेची होती. पण मुद्दे सगळे मला पाठ आहेत, या वहीत उतरवून ठेवलेत, हे बघा, एकेचाळीस, आणि त्याखाली हा बेचाळिसावा. त्यात बलवंतचं नाव आहे, माझं आहे. तुम्ही मघाशी म्हणालात ना, छापताना नाव बदलू. नका बदलू. नाव काढलंत की परत ते सर्क्युलरच होईल. बलवंतच्या मुली आता मोठ्या झाल्या असतील, कुठे असतील तिथे मोकळ्या हवेत असोत. लिहा तुम्ही, वसंत तांबे, डोंबिवली. झरोका मी बंद केला.